मागल्या वर्षीचा टी-शर्ट

मागल्या वर्षी पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत, पोहण्याच्या सातव्या फेरीत मी तलावातली दोरी धरली आणि सोडलीच नाही. मला पाण्याबाहेर काढलं, अंगावर टॉवेल टाकला, कोणीतरी ग्लुकोजचा ग्लास हातात दिला. सायकल उभी होती तिथेच राहिली. मी कपडे बदलत होते तेवढ्यात बाबांचा फोन आला. "झालं का वं?"

मी म्हटलं, "झालं."

एवढंच खोटं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.कॉम. पहिल्या झटक्यात, फर्स्ट क्लास. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. माझी मार्कशीट त्यांनी शर्टाच्या खिशात घालून पूर्ण पाळीला दाखवली, घरी आली तेव्हा घडीवर काळे अंगठे होते. नापास हा शब्द माझ्याबाबतीत त्यांनी कधी ऐकला नव्हता. तो पस्तिसाव्या वर्षी, ओल्या केसांनी, फोनवर ऐकवणं मला जमलं नाही.

या स्पर्धांमध्ये टी-शर्ट आधीच वाटतात, शर्यत पूर्ण करा की नका करू. तो पिवळा टी-शर्ट मला डोळ्यासमोर नको होता म्हणून बाबांना देऊन टाकला. ते दर रविवारी तो घालून चहाच्या टपरीवर जायला लागले. पोरीनं पोहून, सायकल चालवून, वरून धावून शर्यत जिंकली म्हणून सांगायला लागले. मी एकदा म्हटलं, बाबा, जिंकली नाही, फक्त पूर्ण केली. म्हणजे तेच खोटं पुन्हा बोलले, आणि तेही दुरुस्त करून.

म्हणून यंदा परत नाव दिलं. हौस नव्हती, खोटं खरं करायचं होतं. वर्षभर मी धड बसले नाही. सक्करदऱ्याच्या माझ्या घरून पहाटे तलावावर, तिथून रामदासपेठेत हॉस्पिटलच्या ऑफिसात. काउंटरवर पेशंटचा फॉर्म भरताना टेबलाखाली पाय हलत राहायचे. शेजारची बाई म्हणायची, तुला बाथरूमला जायचं असेल तर जाऊन ये. साडेसातशे मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या. लिफ्टमध्ये, जेवताना, भांडी घासताना मी पंधरापर्यंत मोजायचे आणि दर वेळी सातावर अडखळायचे.

आठवडाभर आधी बाबांनी सांगून टाकलं, मागल्या वर्षी पाहायचं राहिलं, यंदा येतो. मी नाना कारणं दिली. ऊन आहे, गर्दी असते, बसायला जागा नसते. ते पहिल्या बसनं आले. इस्त्री केलेला पिवळा टी-शर्ट, हातात डबा. गेटवरच्या माणसाला त्यांनी जय भीम घातला आणि पाच मिनिटांत त्याचं गाव काढलं. मी सायकल त्यांच्या हाती देऊन दंडावर नंबर लिहून घ्यायला गेले. परत आले तर ते चाकाशी वाकून काहीतरी पाहत होते. मला विचारायचं सुचलं नाही. सायकल आत नेऊन लावली तीही तिच्याकडे न बघता. डोक्यात सातवी फेरी होती.

ती आली. श्वास तसाच तुटला, डावीकडे दोरी तशीच हाताशी. श्वासासाठी मान वळवली की काठावर पिवळं दिसायचं. बाबांना पोहता येत नाही. बाकीचे बाकावर बसले होते, ते उभे होते. दोरीला हात लागला तर ते सगळं समजतील, असं वाटलं. हात पुढे टाकला. मग आठवी झाली, आणि आठवीनंतरचं मला नीट आठवत नाही. पंधरावी संपवून बाहेर निघाले.

धावत सायकलपाशी आले. दोन्ही चाकं पिचकलेली.

पंक्चर एकाच वेळी दोन्हीत होत नाही, हे कळायला क्षण लागला. कठड्यापलीकडून बाबा हसत हात दाखवत होते. "हवा थोडी कमी केली वं. ऊन तापून राहिलं, ट्यूब फुटली असती."

हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. वीज केंद्राच्या सायकल स्टँडला छप्पर नव्हतं. दुपारी ट्यूबा फटाफट फुटायच्या. म्हणून आल्याबरोबर प्रत्येक जण हवा सोडायचा आणि सुट्टी झाली की साखळीनं बांधलेल्या एकाच पंपासमोर रांग लागायची. तीस वर्षं बाबांनी असंच केलं. माझी सायकल तास-दीड तास उन्हात उभी राहणार म्हटल्यावर त्यांनी मायेनं तेच केलं. फक्त माझ्याकडे पंप नव्हता आणि एकूण वेळ होता दोन तास.

"तुम्हाले कोणी सांगितलं होतं बाबा?" मी सगळ्यांसमोर ओरडले. त्यांचा हात वरच राहिला.

आयोजकांचा मेकॅनिक पार दुसऱ्या टोकाला होता. सायकल ढकलत नेली, हवा भरली, सात मिनिटं गेली. वीस किलोमीटर मी रागानं काढले. आधी त्यांच्यावर, मग परतीच्या वळणापासून स्वतःवर. त्या माणसानं मला न सांगता हवा सोडली होती. मी त्याला न सांगता वर्षभर तो टी-शर्ट घालू दिला होता.

धावायला उतरले तेव्हा रस्त्यावर माझ्यामागे कोणीच उरलं नव्हतं. पोटरीत गोळा आला, दोनदा चालले. शेवटच्या वळणावर आले तेव्हा कार्यकर्ते शेवटच्या रेषेवरच्या कमानीचे दोर सोडायला लागले होते. घड्याळात चार मिनिटं बाकी होती. शेवटची आले, पण आले.

बाबा जवळ आले नाहीत. डबा पोटाशी धरून लिंबाखाली उभे होते, घरात काही फुटल्यावर माणूस उभा राहतो तसे. म्हणाले, "माह्या हातानं नास झाला असता तुहा."

मी खाली बसले. श्वास जागेवर यायची वाट पाहिली असती तर कधीच बोलले नसते.

"बाबा, मागल्या वर्षी मी पूर्ण नव्हतं केलं. पाण्यातूनच बाहेर काढलं होतं मले."

त्यांनी छातीवरच्या अक्षरांकडे मान वाकवून पाहिलं. वाचता त्यांना जेमतेम येतं. बराच वेळ पाहिलं. टपरीवर वर्षभर काय काय सांगितलं ते आठवत असावेत.

"मंग यंदाचा कुठी आहे?"

मी पिशवीतून निळा टी-शर्ट काढला. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, झाडाकडे तोंड केलं, पिवळा उतरवला, घडी घातली आणि निळा चढवला. खांद्यात सैल होता.

"टपरीवर मीच सांगीन," ते म्हणाले. "तू नको येऊ. खाय आता."