‘श्री.’ म्हणणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई कुदळे यांची आणि माझी पहिली भेट आकुर्डीत, आमच्या केबल वाहिनीच्या कचेरीत झाली. मी राजगुरुनगरच्या एका साप्ताहिकातून आलो होतो आणि आवाज बरा आहे एवढ्याच भांडवलावर निवेदकाची नोकरी मागत होतो. तिथल्या बातम्यांच्या प्रमुख असलेल्या ताईंनी एका पुढाऱ्याच्या कार्यालयातून आलेलं पत्रक माझ्या हातात दिलं आणि त्याची बातमी करून वाचायला सांगितली. मी घसा खाकरून मोठ्या ऐटीत सुरुवात केली, “आपले लाडके अण्णा यांच्या शुभहस्ते...”

ताईंनी हात वर केला. “अण्णा तुमचे कोण?”

“कोणी नाहीत.”

“मग त्यांचं नाव वाचा, अन्वर.”

नोकरी मिळाली, पण लाडके अण्णा त्या दिवसापासून माझ्या तोंडून गेले ते गेलेच. ताईंच्या साठीनिमित्त हा लेख लिहिताना मी त्यांना ‘ताई’ म्हणतो आहे, तेही केवळ हा लेख पडद्यावर वाचला जाणार नाही म्हणून.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये पुढाऱ्याला नावानं हाक मारायची पद्धत नाही. इथं प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ, दादा, अण्णा नाहीतर आबा असतो. आमच्या वाहिनीवरही मी येण्यापूर्वी हेच चालायचं. एकदा तर पडद्यावर खालच्या बाजूला पट्टी सरकली, ‘अण्णांच्या आरोपांना अण्णांचे सडेतोड उत्तर’. अण्णा दोन होते, दोन पक्षांचे, आणि कचेरीत कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते मोशीतल्या एका नव्या सोसायटीत राहणाऱ्या बाईंना. त्यांचा फोन ताईंनीच घेतला. “मॅडम, आम्ही परभणीचे. मालक कंपनीत कामाला हायेत. अण्णा म्हंजे कोण म्हणायचं हो? आमच्याकडं पाणी येत नाही, तर कोणत्या अण्णाला विचारावं?”

ताईंनी त्या फोनचा विषय पुढे अनेकदा काढला. आपण ‘अण्णा’ म्हणतो तेव्हा दोन गोष्टी करतो, असं त्या सांगत. त्या माणसाला घरचा करतो, म्हणजे त्याला जाब विचारणं अवघड होतं. आणि जो बाहेरगावाहून इथं पोटासाठी आलाय त्याला सांगतो की, बाबा, हे घर तुझं नाही. त्यानंतर त्यांनी नियमच केला की पडद्यावर नाती नाहीत. सत्ताधारी असो की विरोधक, ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ आणि पूर्ण नाव. वाढदिवसाच्या शुभेच्छा दाखवायच्या तर कोपऱ्यात ‘जाहिरात’ हा शब्द हवा, आणि त्या निवेदकानं वाचायच्या नाहीत. कार्यकर्ते रुसले. वाहिनीच्या मालकांनी डोक्याला हात लावला. ताई ढिम्म हलल्या नाहीत.

त्या कडक होत्या म्हणून कोरड्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. रमजानमध्ये सायंकाळचं बातमीपत्र नेमकं रोजा सोडायच्या वेळेला येई. ताई त्या महिन्यात स्वतःची सुट्टी कधी घेत नसत. “हेडलाइन मी वाचते, तू आधी खजूर खा आणि पाणी पी,” असं म्हणत त्या माझ्या खुर्चीवर बसत. माझी आई आजही दुवा मागताना माझ्या आधी त्यांचं नाव घेते, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटतो.

या नियमाची खरी किंमत ताईंनी मोजली ती महापालिकेच्या निवडणुकीत. मोशी हे त्यांचं माहेर. तिथून त्यांचे सख्खे धाकटे भाऊ उभे राहिले. उमेदवारांची चर्चा आमच्याच स्टुडिओत ठरली. मालक खुशीत होते. “बहीण प्रश्न विचारणार आणि भाऊ उत्तर देणार, सगळं गाव टीव्हीला चिकटून बसेल!”

ताई कॅमेऱ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, “आजच्या चर्चेतले एक उमेदवार, श्री. दत्तात्रय साळुंके, हे माझे सख्खे भाऊ आहेत. म्हणून ही चर्चा मी घेणार नाही. निकाल लागेपर्यंत या प्रभागाची कोणतीही बातमी मी वाचणार नाही.” पदराला लावलेला माईक काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, “त्याला सोपं विचारू नकोस. आणि मला दाखवायला म्हणून मुद्दाम अवघडही विचारू नकोस.”

सगळ्यांना विचारले तसेच प्रश्न मी त्यांनाही विचारले. त्यांच्या जमिनीवरच्या विनापरवाना गोदामाचा विषय निघाला, तेव्हा श्री. साळुंके गडबडले. निवडणूक ते हरले. बहिणीनंच पाडलं, असं मोशीत लोक बोलू लागले. श्री. साळुंके कचेरीत आले ते माझ्यादेखतच ताईंना म्हणाले, “पडलो त्याचं काय न्हाई. पडत्यात मानसं. पर सख्ख्या भावाला चारचौघांत ‘श्री.’ म्हनलीस व्हय गं? परका केलास मला.”

त्या दिवाळीत भाऊबीजेला ताई ताट करून बसल्या, पण भाऊ आले नाहीत. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. ताईंनी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मला राहवलं नाही. “ताई, पुढच्या वर्षी मी येऊ का?” असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “नको रे. तुला ओवाळलं तर त्याची जागा भरली असं होईल.” मला तेव्हा रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पुढचीही भाऊबीज तशीच गेली. ताईंनी नियम सोडला नाही, आणि ताट करणंही सोडलं नाही.

मग एका सकाळी ‘थेट प्रश्न’ या ताईंच्या फोनवरच्या कार्यक्रमात मोशी प्रभागाचे निवडून आलेले सदस्य पाहुणे होते. फोन लागला. “मोशीवरनं बोलतोय. दत्तात्रय साळुंके.”

मी काचेपलीकडे, आवाजाच्या यंत्राजवळ बसलो होतो. ताई म्हणाल्या, “प्रेक्षकहो, फोनवरचे गृहस्थ माझे भाऊ आहेत, हे लक्षात असू द्या. विचारा, श्री. साळुंके.”

त्यांच्या गल्लीत गटाराचं पाणी साचत होतं, तक्रार करून काही होत नव्हतं. पाहुणे हसून म्हणाले, “दत्ताभाऊ आपलेच आहेत. या ना घरी, बसून बोलू.”

“ते नागरिक आहेत,” ताई म्हणाल्या. “उत्तर इथंच द्या. काम कधी होणार?” पाहुण्यांनी विषय फिरवला. ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा फिरवला, पुन्हा विचारला. शेवटी पाहुण्यांना सगळ्यांसमोर मुदत सांगावी लागली.

मग श्री. साळुंके म्हणाले, “मला कुनी आपलं म्हनलं की प्रश्न कसा दबतो, ते आज कळलं. ताई, भाऊबीजेला येतो. घरात तरी ‘श्री.’ म्हनू नगंस.”

ताईंचे डोळे भरलेले मला काचेतून दिसत होते. आवाज मात्र तसाच होता. “हा वैयक्तिक विषय आहे, श्री. साळुंके. पुढचा फोन घेऊ या.”

त्या भाऊबीजेला ते गेले. दोघांचं काय बोलणं झालं ते ताईंनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती बातमी नव्हती.

निर्मलाताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आम्हा सगळ्यांच्या वतीनं एवढंच मागतो, की त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो, पुष्कळ वर्षं त्यांनी आम्हाला हात वर करून थांबवावं. आणि दर दिवाळीला त्यांच्या घरी मांडलेल्या पाटावर बसणारा माणूस वेळेवर येवो.