दुसऱ्या फेरीची निवड

आखातातल्या आमच्या ऑफिसात आम्ही दोघेच मराठी बोलणारे होतो. मी नाशिकचा, पाइपिंग इंजिनिअर. तो वसईचा, डॉक्युमेंट कंट्रोलला. तो फरीज बिन ओमरान या वस्तीत राहायचा. त्याला गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मी रोज सकाळी त्याला घरून उचलायचो आणि संध्याकाळी सोडायचो. सात वर्षं असंच चाललं होतं. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून झाल्यावर गाडीतला तो अर्धा तास आम्हा दोघांचा हक्काचा असायचा.

अमेरिकन फुटबॉलचं वेड आम्हाला आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने लावलं. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो खेळ, आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. मॅनेजर अमेरिकेतल्या एका थंड, हरणाऱ्या शहराचा होता. त्याचीच टीम आम्ही आमची मानली. दर एप्रिलमध्ये तिकडे ड्राफ्ट होतो. सगळ्या टीम पाळीपाळीने कॉलेजातली नवी मुलं निवडतात, आणि आधी पाळी येते सगळ्यात जास्त हरलेल्यांची. आपल्याकडे तेव्हा पहाट असते, म्हणून आम्ही निकालाच्या बातम्या टाळायचो आणि शुक्रवारी-शनिवारी सकाळी मॅनेजरच्या अबू हमूर भागातल्या व्हिलावर जमून रेकॉर्डिंग बघायचो. सात-आठ जण, खजूर, ऑम्लेट, कॉफी.

या प्रकारात मला गोडी लागली ती तज्ज्ञांच्या याद्यांमुळे. ड्राफ्टच्या कितीतरी महिने आधीपासून तिकडचे जाणकार शेकडो मुलांना क्रमांक देतात. मी त्यातल्या पाच याद्या घ्यायचो आणि एक्सेलमध्ये सरासरी काढायचो. मग हिशोब सरळ होता. यादीत चाळिसावा असलेला मुलगा नव्वदाव्या पाळीला मिळाला, तर टीमने बाजी मारली. यादीत खालचा मुलगा वर उचलला, तर टीमचे लोक मूर्ख. माझ्यासारखे लाखो चाहते हेच करतात. त्या मुलाने अजून एकही सामना खेळलेला नसतो, पण दहा मिनिटांत इंटरनेटवर त्याच्या निवडीला ए, सी, एफ असे गुण मिळालेले असतात. व्हिलावर माझा लॅपटॉप उघडा असायचा आणि प्रत्येक नाव पुकारलं की सगळे माझ्याकडे बघायचे. मला ते फार आवडायचं.

माझा मित्र याद्या वाचायचा नाही. तो कॉलेजचे पूर्ण सामने शोधून बघायचा, तेही पुढच्या फळीतल्या मुलांसाठी, ज्यांच्या हातात चेंडू कधी येतच नाही. गाडीत मला सांगायचा, "बॉलकडे नको बघू रे. त्याचे पाय बघ. ढकलला जातो तेव्हा पाय कुठे टाकतो ते बघ."

"तज्ज्ञांनी बघितलेच असतील की पाय," मी म्हणायचो.

"पाचातल्या तिघांनी दुसऱ्या दोघांचं बघून लिहिलं असेल," तो म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

त्या वर्षी त्याने एका मुलाचा ध्यास घेतला होता. छोट्या कॉलेजातला, पुढच्या फळीतला. रक्ताच्या कॅन्सरमुळे त्याचं एक पूर्ण वर्ष गेलं होतं, आणि बरा होऊन तो परत खेळला होता. मेडिकल रिपोर्टमुळे तज्ज्ञांनी त्याला खाली टाकलं होतं. माझ्या सरासरीत तो एकशे तीसच्या आसपास होता, एका यादीत तर त्याचं नावच नव्हतं. मित्र मात्र रोज गाडीत त्याच्याबद्दल बोलायचा. मला वाटलं, त्याला खेळ आवडला असेल.

शनिवारी सकाळी दुसरी फेरी लावली. आमच्या टीमची पाळी आली आणि नेमकं त्याच मुलाचं नाव पुकारलं गेलं, पन्नासच्या आत. मित्र सोफ्यावरून उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मॅनेजरने डोक्याला हात लावला. सगळे माझ्याकडे वळले.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि इंग्रजीत म्हणालो, "एफ. खराब झालेला माल." लोक हसले. त्यामुळे मला आणखी चेव आला. आमच्या सगळ्यांच्या चॅट ग्रुपवर लिहिलं, मेडिकलमध्ये नापास झालेल्या माणसावर दुसऱ्या फेरीची निवड वाया घालवली, पुढच्या सीझनपर्यंत जगला तर बघू, इन्शाल्ला. खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. पुन्हा हशा झाला.

मित्राने फोन बघितला, खिशात ठेवला आणि मराठीत, फक्त मला कळेल असं, म्हणाला, "जगेल तो."

पाच मिनिटांनी तो निघाला. "खलास, मी टॅक्सीने जातो," म्हणाला. मी अडवलं नाही. आकडे माझ्या बाजूने होते.

पुढचे तीन-चार दिवस तो गाडीत खिडकीबाहेर बघत बसायचा. मला वाटलं, रुसलाय. गुरुवारी तो म्हणाला, "आज ऑफिसला नको नेऊ. हॉस्पिटलला सोड."

"काय झालं?"

"तेच, त्या मुलाला झालेलं." सिग्नलला गाडी उभी होती. "फेब्रुवारीत कळलं. सध्या फक्त घरी माहीत आहे."

माझ्या तोंडून निघालं, "कोणती स्टेज?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुला आकडाच पाहिजे ना." आणि त्याने आकडा सांगितला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. हॉस्पिटलच्या दारात उतरताना तो सवयीने अरबीतलं "शुक्रन" म्हणाला, रोज आभार मानायचा तसंच.

मी ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेलो. वेळ निघून गेली होती. तो फक्त माझ्या फोनवरून पुसला गेला, बाकी सगळ्यांकडे तसाच राहिला. त्याच्याकडेही.

जूनमध्ये तो आणि त्याची बायको वसईला परत जायला निघाले. वहिनी नर्स होत्या, त्यांनीही नोकरी सोडली. मी कार्टन बांधायला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. दिवसभर चिकटपट्टी लावत बसलो. तो गादीवर आडवा पडून आम्हाला सूचना देत होता. केस गेले होते. निघताना त्यानेच त्या मुलाचा विषय काढला.

"सीझन सुरू झाला की तो कसा खेळतो ते मला कळवत जा," तो म्हणाला. "मला आता पूर्ण सामना बघत बसवत नाही."

सप्टेंबरपासून मी दर आठवड्याला सामना बघायचो. चेंडूकडे न बघता, त्या एका मुलाचे पाय. पहिले काही सामने तो खरंच चांगला खेळला. स्वतःपेक्षा दणकट माणसाने ढकललं तरी त्याचा मागचा पाय हलायचा नाही. मी ते सगळं व्हॉइस मेसेजमध्ये सांगायचो. मित्राचं उत्तर यायचं, दोन-तीन शब्दांचं, दम लागलेल्या आवाजात.

ऑक्टोबरच्या शेवटी त्या मुलाचा गुडघा गेला. त्याला मैदानातून उचलून नेलं. त्या आठवड्यात वहिनींनी कळवलं होतं की औषध लागू पडत नाहीये. मी मेसेज पाठवला, "आज पण मस्त खेळला." पुढच्या आठवड्यातही तेच. नोव्हेंबरभर, डिसेंबरभर मी न झालेले सामने सांगत राहिलो. कोणाला कसं अडवलं, मॅनेजर काय म्हणाला, सगळं रचून. माझ्या बायकोने एकदा ते ऐकलं. ती म्हणाली, "खरं काय ते सांग ना त्याला. त्या ग्रुपवरच्या मेसेजची माफीही माग. अजून वेळ आहे." मी हो म्हणालो.

नाताळ झाला आणि तो गेला. मला रजा मिळेपर्यंत माती होऊन गेली होती. मी चर्चमधल्या महिन्याच्या मिस्साला, त्याच्यासाठीच्या प्रार्थनेला, पोचलो. मिस्सा झाल्यावर घरी वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं.

"तुमचे मेसेज तो दोन-दोनदा ऐकायचा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी शेवटी शेवटी..."

"माहीत आहे. त्याला गुडघ्याचं त्याच दिवशी कळलं होतं. फोन होता की हातात." त्यांनी दार लोटून घेतलं. "मी म्हटलं, त्यांना सांग ना, की तुला माहितीये. तर म्हणाला, नको, बोलू दे त्याला."

"आणि तो एप्रिलचा मेसेज? त्याबद्दल कधी बोलला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलात रुग्णांच्या नातेवाइकांकडे त्या असंच बघत असतील. "तो काही बोलला नाही," त्या म्हणाल्या. "पण मी वाचला होता." एवढं बोलून त्या पाहुण्यांना चहा द्यायला बाहेर गेल्या. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. नाताळला मी शुभेच्छा पाठवतो. मेसेज वाचल्याची खूण तेवढी येते.

तो मुलगा नंतर फारसा खेळला नाही. टीमने त्याला सोडलं. तो जिवंत आहे, एवढं मी मधूनमधून शोधून बघतो.

तिकडे तीन वर्षांनी जुन्या ड्राफ्टचे गुण पुन्हा काढतात. गेल्या एप्रिलमध्ये कोणीतरी तो तक्ता आमच्या ग्रुपवर टाकला. त्या निवडीपुढे एफ होता. मॅनेजरने मला टॅग करून लिहिलं, 'तू पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस.' खाली टाळ्यांच्या खुणा येत गेल्या. मित्राचा नंबर ग्रुपमधून कोणी काढला नव्हता. पलीकडच्या खोलीत बायको इस्त्री करत होती. मी तिला तक्ता दाखवला. तिने तो वाचला, फोन मला परत दिला आणि इस्त्री करू लागली.