फजलच्या पायरीपासून नदीपर्यंत

बहिणीशी, समीनाशी, फोनवर बोलताना रिदा सगळ्यात शेवटी एक प्रश्न विचारायची. भात कसं आलंय, कोकोच्या झाडांना कीड लागली का, तिच्या गुडघ्याचं काय, हे सगळं झालं की आवाज जराही न बदलता म्हणायची, "फजलच्या पायरीपासून नदी किती पावलं?"

पहिल्या वर्षी एकोणीस होती. मग चौदा. गेल्या पावसाळ्यानंतर नऊ. समीना नदीकाठी जाऊन, चपला काढून मोजून यायची. का मोजायचं ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिने कधी विचारलं नाही.

कतारमध्ये अल खोरला विजय आणि नीताच्या घरी कामाला लागून रिदाला सहा वर्षं झाली होती. विजय पहाटे कंपनीच्या बसने निघून जायचा, नीता शाळेत शिकवायची, त्यांची मुलगी गार्गी त्याच शाळेत शिकायची. दिवसभर घरात उरायचे ते विजयचे वडील दत्तोपंत. रत्नागिरीजवळच्या खेड्यातले, बायको गेल्यावर मुलाकडे येऊन राहिलेले. त्यांना मराठीशिवाय काही बोलायला जमत नसे, आणि गप्प बसायलाही जमत नसे. त्यामुळे रिदा मराठी शिकली, तीही त्यांच्या हेलातली. नाशिकची नीता हसायची. "माझ्या पोरीला मराठीत विचारावं तर ती इंग्रजीत उत्तर देते, आणि ही बघा, 'काय गो' म्हणते."

एके दुपारी रिदाने पिकलेली केळी कुस्करून नारळाच्या दुधात कालवली आणि केळीच्या पानात बांधून वाफवायला ठेवली. वासाने दत्तोपंत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"ह्या तर आमच्या पातोळ्यांच्या चुलत बहिणी दिसतायत."

"अंडं आहे त्यात, आजोबा."

"मग सावत्र," म्हणत त्यांनी एक पान उचललं. "तुमच्याकडे सणाला करतात?"

"घर उचलताना."

दत्तोपंतांना वाटलं, हिचं मराठी चुकलं. मग तिने त्यांना सगळं नीट सांगितलं.

तिचं गाव इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिणेला, शहरापासून पाच तास. त्यातले शेवटचे दोन होडीने. तीस-पस्तीस घरं, सगळी लाकडी खांबांवर उभी, खाली कोंबड्या आणि जळण. वीज येते, पण पावसात आठ-आठ दिवस जाते. दवाखाना होडीपलीकडे, त्यामुळे लोक आजारी पडायचं ते बेताबेताने पडतात. नदी काठ खाते, म्हणून घरं हलवावी लागतात. घर मोडत नाहीत, उचलतात. खाली आडवे-उभे बांबू बांधायचे, शुक्रवारच्या नमाजानंतर मुखियाने पुकारा करायचा, की गावातले सगळे पुरुष येऊन खांदा देतात. ज्याचं घर त्याने फक्त खाऊ घालायचं. पुकारा झाला की भांडणतंटा विसरून यायचं, हा नियम. पुकारा झाला नाही, तर आपल्या मनाने कुणी जात नाही, हाही नियमच.

"आणि मुखिया म्हणजे तुझ्या फोनवर ऐकू येतो तो, तुझा फजल," दत्तोपंत म्हणाले.

"माझा नाही."

रिदाचे वडील मुखिया निवडताना फजलच्या विरुद्ध बोलले होते. दोन वर्षांनी ते वारले. त्या पावसाळ्यात नदी त्यांच्या पायरीला लागली, तेव्हा आई फजलकडे जाऊन आली. तो हो म्हणाला. आईने आणि दोघी बहिणींनी रात्रभर जागून अशी एकशेवीस पानं वाफवली. शुक्रवारी नमाज संपली. फजल सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या बाईच्या घराची एवढी घाई नाही, पुढच्या शुक्रवारी बघू." पुरुष आपापल्या घरी गेले. सोमवारी घर नदीत गेलं, पानांच्या टोपल्यांसकट. पुढची चार वर्षं आई दुसऱ्याच्या घराखाली, कोंबड्यांच्या बाजूला, ताडपत्री लावून राहिली आणि तिथेच मेली. जाता-येता फजल तिची विचारपूस करायचा. रिदाला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच.

"आमच्या भावकीत एका फणसावरून तीस वर्षं कुणी कुणाशी बोललं नाही," दत्तोपंत म्हणाले. "पण हे म्हणजे... मग तू काय केलंस?"

"भिंत बांधली."

कतारला आल्यावर तिसऱ्या वर्षी रिदाने मशिदीखालच्या उतारावर मोठी जागा घेतली, समीनासाठी घर बांधलं आणि भोवती विटांची भिंत घातली. ज्या गावात कुणाला साधं कुंपण नाही, तिथे पुरुषभर उंच भिंत. लोक म्हणाले, कतारच्या वाऱ्याने डोकं फिरलं. रिदा म्हणाली, बकऱ्या येतात. फजलच्या घरापासून उंचावर जायची एकच रुंद वाट होती; एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला कबरस्तान. ती वाट बरोबर त्या जागेतून जात होती.

दत्तोपंतांनी हातातलं पान खाली ठेवलं. "रिदे, तू बुद्धिबळ खेळतेस का गो?"

"नाही, आजोबा. मी वाट बघते."

त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि लांबला. नऊची चार झाली, चाराची दोन. एका गुरुवारी समीनाचा फोन आला तो व्हिडिओवर, आणि तिच्या शेजारी फजल उभा होता. केस पांढरे, टोपी हातात. नीता आणि दत्तोपंत टेबलाशी होते. भाषा कळत नसली तरी दोघांनीही चहाचे कप ठेवून दिले.

फजलला वर त्याच्या मामाच्या जागेवर घर न्यायचं होतं. खालची भिंत पाडून आत यायचं आणि वरची पाडून बाहेर पडायचं, एवढंच. मागून तो पुन्हा बांधून देणार होता. "तुझी आई असती तर तिने नाही म्हटलं नसतं," तो म्हणाला.

"उद्या सांगते," रिदा म्हणाली आणि फोन ठेवला. मग दोघांना सगळं मराठीत सांगितलं.

"नाही म्हण," दत्तोपंत लगेच म्हणाले. "जाऊ दे त्याला वाहून."

"बाबा, काहीतरी काय," नीता म्हणाली. "रिदा, सोडून दे गं. खलास. एवढ्या वर्षांनी कशाला?"

रिदाने कप उचलले, विसळले, पुसून जागेवर ठेवले. थोड्या वेळाने समीनाने एकटीने पुन्हा फोन केला.

"तू तिकडे आहेस," समीना म्हणाली. "मला इथे राहायचंय. नाही म्हणालीस तर उद्यापासून माझ्याशी कोण बोलेल? मी मेले तर मला उचलायला कोण येईल?"

रिदाने सहा वर्षं या दिवसाचा विचार केला होता, पण त्यात समीना कधीच नव्हती. तिच्या मनात फक्त नदी होती आणि ते घर. तिने फोन ठेवला. सगळं आवरून ती आपल्या खोलीत गेली आणि डोळ्यांसमोर ती वाट पायथ्यापासून चालून पाहिली. भिंतीच्या आत पोचली आणि तिथेच थांबली.

शुक्रवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे नमाज आटोपल्यावर, तिने फोन केला आणि समीनाला तो मशिदीच्या भोंग्याच्या माइकपाशी धरायला लावला. सगळं गाव ऐकत होतं.

"भिंत पाडा," ती म्हणाली. "खालची. वरची नाही. फजलचाचांना या वयात चढाच्या वाटेने कुठे वर नेता? घर माझ्या अंगणात ठेवा. भरपूर जागा आहे. हवी तितकी वर्षं राहा म्हणावं. माझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं."

लोकांचा आवाज उठला, कौतुकाचा. कुणी म्हातारा तिला दुवा देत होता. समीनाने कॅमेरा फिरवला तेव्हा फजल एकटाच खालच्या भिंतीकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि एवढ्या लोकांत या मेहेरबानीला नाही म्हणता येणार नव्हतं. नदी आता पायरीला लागून वाहत होती.

घर उचललं गेलं. फोनच्या पडद्यावर दत्तोपंतांनी पाहिलं: छपरासकट, खिडक्यांसकट एक अख्खं घर पन्नास-साठ माणसांच्या पायांनी चालत चढ चढतंय. ते डोळे न हलवता बघत राहिले. नीताने डोळे पुसले. "बघ, किती बरं वाटलं असेल तुला," ती म्हणाली.

"हो, ताई," रिदा म्हणाली.

खांब टेकवताना समीनाने विचारलं, घराचं तोंड कुठे करायचं.

"आपल्या मोरीकडे."

"आणि भिंत? खालची परत बांधायची ना?"

"आजच. फाटक एकच ठेव, तुझ्या दारासमोरचं. किल्ली तुझ्याकडे." रिदा जरा थांबली. "संध्याकाळी सातला लावत जा. त्यांना सांगून ठेव."

"आणि उशीर झाला तर? मुखिया आहे, लोक बोलावतात त्याला."

"तर येऊन तुला विचारू दे," रिदा म्हणाली, आणि गार्गीला उठवायला आत गेली.