घासलेले गोटे

आमच्या मावशीला सगळे पाणमावशी म्हणतात, आणि ती ते नाव दागिन्यासारखं मिरवते. संग्रहालयात जिवंत पाणभुंगेरे सांभाळणं हे तिचं काम. मुलखातलं एकही डबकं तिनं पालथं घालायचं सोडलं नाही.

यंदाच्या प्रदर्शनाला तिनं चार काचपेट्या मांडल्या. चार कुळं, चार घरं. पहिलीत तळ्यातले बुडीमार: पंखाखाली हवा कोंडून खाली जायचं आणि दिसेल त्याचा फडशा पाडायचा. दुसरीत डबक्यातल्या सडक्या पाल्यावर चरणारे काळे गबदुल. तिसरीत पाण्याच्या पाठीवर गरगरणारे भिरभिरे; डोळ्यांची एक जोडी वर, एक खाली. चौथी ओढ्याच्या खळाळातल्या तिळाएवढ्या भुंगेऱ्यांची. त्यांना पोहता येत नाही, धोंड्याला बिलगून राहतात. ते पेटीत टिकत नाहीत, असं जो तो सांगत होता.

"टिकवून दाखवते," असं मावशी सगळ्यांदेखत बोलून बसली होती.

तिचे यजमान, आमचे काका, नळदुरुस्तीवाले. पंप लावून त्यांनी चौथ्या पेटीत ओढ्यासारखी धार सोडून दिली. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी बघतात तर भुंगेरे पाय वर करून तरंगायला लागलेले.

"अगं, पाण्यातले किडे बुडायला लागले की!"

"चेष्टा पुरे. तुमची धार बघा आधी."

"धारेला नावं ठेवू नकोस." काकांनी एका गोट्यावर बोट फिरवलं. "हे घासलेस होय?"

"मग? शेवाळानं हिरवे गिच्च झालेले. उद्या लोक येणार..." बोलता बोलता मावशीनं कपाळावर हात मारला. "मेली माझ्या हाताची खोड! त्यांचं ताट न् अंथरूण, दोन्ही धुऊन टाकलं मी!"

दोघं तशीच ओढ्यावर गेली. शेवाळलेले गोटे ओल्या गोणपाटात गुंडाळून काकांनी खांद्यावर आणले. मावशीनं कुंचल्याच्या टोकानं एकेक भुंगेरा गोट्यावर ठेवला. बराच वेळ काही नाही. मग एकानं पाय रोवले. मग दुसऱ्यानं.

उद्घाटनाला सगळी गर्दी भिरभिऱ्यांपाशी. चौथ्या पेटीशी इस्त्रीचा सदरा घालून काका उभे, येईल त्याला ओढून आणत होते.

"वाका जरा. तो ठिपका नाही, चालतोय बघा!"

"तुम्ही आणलेत का हे?"

"धार माझी, भुंगेरे बायकोचे. जगवलेत तिनं!"

मावशी पदरानं काचेवरचे बोटांचे ठसे पुसायला सरसावली. काकांनी तिचा हात धरला.

"अहो, बाहेरून तरी पुसू द्या की!"