दामूअण्णांचा शेवटचा पाडवा

आमच्या शेजारचे दामूअण्णा गोवर्धने सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. लग्नानंतरची विमा पॉलिसी काय, मुलगी झाल्यावरची बचतपत्रं काय, सगळं गुढीपाडव्यालाच घ्यायचे. एजंट घरी येई आणि गुढीला नमस्कार करूनच अण्णा चेक फाडत.

सत्त्याण्णवला पाडवा एप्रिलात आला. एकतीस मार्च हुकला. "बुडाली ना करसवलत?" मी चिडवलं.

"बुडते कसली? पुढच्या वर्षाच्या पगारावर धरतात." आणि खरंच धरली!

दोन हजार पाचच्या एकतीस मार्चला अण्णा निवृत्त होणार होते. शेवटच्या पगारातून साधनावहिनींना पाटल्या कबूल केल्या होत्या. पाडवा होता नऊ एप्रिलला.

"अहो, या वर्षी तरी मार्चात गुंतवा," वहिनी म्हणाल्या.

"मुहूर्त सोडून? छे!"

मार्चअखेर गुंतवणुकीची पावती नव्हती, म्हणून कारखान्याने वर्षाचा सगळा कर त्या शेवटच्या पगारातून कापला. उरलं त्यात पाटल्या सोडा, एक बांगडी होईना.

पाडव्याला अण्णा स्टुलावर चढून गुढीला साखरेची गाठी बांधत होते. "पुढच्या वर्षी धरतील की," मी सवयीने बोलून गेलो.

अण्णांचा हात थांबला. "पुढच्या वर्षी पगार आहे कुठे, बाबा?"

वहिनींनी स्टूल तेवढं घट्ट धरून ठेवलं.