चिंच, लॅकर आणि दोन अन्नपूर्णा

देव घासायला काढले की शेजारी गोळा होतात, आणि शेजारी गोळा झाले की किस्से. गेल्या काही महिन्यांत आमच्या बिल्डिंगमध्ये ते इतके साठलेत की कुठला आधी सांगावा, कळत नाही.

ही श्रावणात गेली. जाताना एकच सांगितलं, "माझी अन्नपूर्णा मीनूला द्या." मीनू आमची मुलगी; तिचं लग्न आधीच ठरलेलं. आमच्यात नवरी माहेराहून अन्नपूर्णा आणते. त्यामुळे देवघरात दोन: एक माझ्या आईची, एक हिची. दोन्ही पितळेच्या, बोटभर उंचीच्या, वर्षानुवर्षं घासून नाकडोळे पुसट झालेल्या. यातली कुठली कुणाची, हे फक्त तिलाच ठाऊक.

*

सुतक फिटलं तोवर सगळे देव काळवंडले होते. खालच्या मजल्यावरच्या काकू होटगीच्या. म्हणाल्या, "चिंच लावा की." मी पातेलंभर चिंचेचा कोळ केला, देव त्यात बुडवले आणि शाळेत निघून गेलो. संध्याकाळी बघतो तर पितळेचे देव तांब्यासारखे लाल!

काकूंनी पातेल्यात डोकावलं. "अवो मास्तर, देव हायत का कैऱ्या? मुरायला घातल्या व्हय!"

*

वरच्या मजल्यावरचा श्रीनिवास चादरीच्या कारखान्यात रंगाचं काम बघतो. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि सल्ला कुठल्याही भाषेत तयार. "सर, एकदा लॅकर मारून टाका. घासायचं टेन्शनच नाही!"

त्यानंच स्प्रे आणला आणि गच्चीवर नेऊन बाळकृष्णावर मारला. काय चमकला! मी रोज कढत पाण्यानं आंघोळ घालत राहिलो, आणि आठवडाभरात पापुद्रे निघायला लागले.

"देवाचं कातडं सोलतंय की वो!" काकू ओरडल्या.

श्रीनिवास शांत. "सोलापूरचं ऊन आहे, काकू. कुणाचं सोलत नाही?"

*

लग्न जवळ आलं तशा दोन्ही अन्नपूर्णा घेऊन पॉलिशवाल्याकडे गेलो. म्हटलं, त्याला तरी ओळखू येईल. "यातली जुनी कुठली?"

"दोन्ही जुन्याच की, सर." त्यानं एक उजेडात धरली. "मशीनवर लई चकाचक होतील. फक्त सांगा, जे काय नाक उरलंय ते ठेवायचं का काढायचं?"

मी दोघींना रुमालात गुंडाळलं आणि रिक्षा पकडली. घरी येऊन मीच घासल्या. चिंचेचं बोट लावून, लगेच धुऊन, मऊ फडक्यानं पुसून. सोन्यासारख्या उजळल्या. सारख्याच उजळल्या!

*

मग मांडणी. काकू म्हणाल्या, शंख देवाच्या डाव्या हाताला. श्रीनिवासनं विचारलं, "देवाच्या डाव्या, का आपल्या?" मी शंख इकडचा तिकडे केला, परत इकडे आणला. शेवटी काकू देवघराकडे पाठ करून, हात पसरून, देवासारख्या उभ्या राहिल्या. "आता बघा, माजा डावा कुटला!"

श्रीनिवासनं आधी हात जोडून त्यांना नमस्कार केला.

*

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मीनू पुण्याहून आली. मी दोन्ही अन्नपूर्णा ताटलीत ठेवून तिच्यापुढे धरल्या. "आईची कुठली, मला कळत नाहीये गं."

ती हसली. "आईला तरी कुठं कळायचं, बाबा? दर दिवाळीला घासून झाल्या की दोन्हींकडे बघत बसायची, आणि मग म्हणायची, यंदा ही माझी, ती सासूबाईंची."

"मग यंदा कुठली?"

"यंदा तुम्ही घासल्यात ना? तुम्ही सांगा."

मी बराच वेळ बघत राहिलो. मग डावीकडच्या अन्नपूर्णेवर बोट ठेवलं. "ही तिची."

मीनूनं ती नीट पाहिली, पदराच्या टोकानं पुसली आणि देवघरात जाग्यावर ठेवली. दुसरी उचलून पर्समध्ये घातली.