मागच्या टाकीतलं शेवाळ

मुलीला पुण्याच्या बोर्डिंगात घातलं तेव्हा तिची एकच अट होती: घरातली माशांची टाकी ती परत येईपर्यंत जशीच्या तशी राहिली पाहिजे. "प्रॉमिस, बाबा?" मी मान डोलावली. ऐंशीच्या दशकातलं आमचं बहरीन. तिथे वाढलेली पोर मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. ते मला खुपायचं, म्हणून तिला पाठवलं. आता वाटतं, खुपत होतं तर खुपू द्यायचं होतं.

टाकी खाऱ्या पाण्याची, देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाने दिलेली. पुढे मासे आणि मागे एक छोटी टाकी, तिच्यात समुद्रातलं हिरवं शेवाळ. पंपाने पाणी दोन्हींत फिरायचं. माशांची घाण शेवाळ शोषून घ्यायचं, म्हणून पाणी चांगलं राहायचं. शेवाळ गेलं की मासे गेले, असा सरळ मामला.

मुलगी गेली आणि काही आठवड्यांत शेवाळ विरघळू लागलं. आधी टोकं पांढरी पडली, आणि एक दिवस ड्यूटीवरून येऊन पाहतो तर निम्मं खलास. मी हात धुऊन मागे लागलो. टाकीवरची ट्यूबलाइट बदलली. एसीचा वारा लागत असेल म्हणून टाकी सरकवली. मासे कुरतडत असतील म्हणून जाळी लावली. त्या बिचाऱ्यांवर उगाच आळ. नवं शेवाळ आणून सोडलं, तेही गेलं. बायको सलमानिया हॉस्पिटलात नर्स. ती दमून घरी आली की मी टाकीचंच पुराण लावायचो.

शेवटी ती वैतागली. टाकीतलं पाणी बदलायला मी नुकत्याच आणलेल्या कॅनमधलं पाणी तिने आमटी चाखावी तसं तळहातावर घेऊन चाखलं.

"अहो, हे तर अळणी आहे! आणलंत कुठून?"

"समुद्रातून. आणखी कुठून?"

"कोकणातला माणूस ना तुम्ही? चव नाही कळत?"

"आमच्याकडे समुद्र चाखून बघतात होय?"

पण चाखला. खरंच अळणी. बहरीनच्या समुद्रात तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात, हे ऐकून होतो. सित्र्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी काठालगतच पाणी नितळ दिसायचं, मी तिथेच, नेमका झऱ्यावर, कॅन बुडवायचो. मुलगी असताना असं होत नसे. तिला गुडघाभर पाण्यातून लांबवर चालत जायची हौस. शुक्रवारच्या सुट्टीला तिच्यामागोमाग मीही जायचो आणि तिकडचं खारट पाणी भरून आणायचो. एकटा कोण जातंय तेवढं लांब?

पुढच्या शुक्रवारी गेलो. चाखून चाखून कॅन भरला. त्या उथळ पाण्यात मधेच उभा राहून मी रडलो, अगदी हुंदके देऊन. त्यानंतर शेवाळाने हळूहळू जीव धरला. सुट्टी लागेपर्यंत मागची टाकी हिरवीगार झाली होती.

ती आली. टाकीपुढे उभी राहिली. मी शेजारीच घुटमळत होतो.

"छान ठेवलीय हो, बाबा," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. शुक्रवारी पाणी आणायला येतेस का, असं विचारलं, तर म्हणाली, "तुमच्याकडे ऊन फार आहे."

मग स्वयंपाकघराच्या दारात थांबून तिने आईला विचारलं, "मी फ्रिज उघडला तर चालेल ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "उघड की गं," ती म्हणाली, "घर तुझंच आहे."

पण हे तिला सांगावं लागलं.